ओट्याचा दगड घेतला त्या गोडाउनचा रिव्ह्यू (जाताना लिंबू घेऊन जा)

दिवाळीच्या आत किचन झालंच पाहिजे असं आईने जाहीर केलं आणि मग पुढचे दोन महिने आमच्या घरात दगड सोडून दुसरा विषय नव्हता. आमचा जुना ओटा काळ्या कडप्प्याचा, बाबांनी फ्लॅट घेतला तेव्हापासूनचा, त्याच्यावर लिंबाचे, कोकमाचे, चिंचेच्या कोळाचे इतके पांढरे गोल उमटले होते की पाहुणे आले की आई त्यावर पेपर टाकायची. तर हा रिव्ह्यू पुण्याबाहेर हायवेला लागून जी मार्बल-ग्रॅनाइटची गोडाउन्स आहेत ना रांगेने, त्यातल्या एकाचा आहे. नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण शेवटी फिटिंगच्या माणसाने जो घोळ घातला तो पण लिहिणार आहे आणि त्यात दुकानाचं नाव उगाच खराब व्हायला नको. नाव नाही मग रिव्ह्यूचा उपयोग काय असं कोणी म्हणेल, तर उपयोग हा की कुठल्याही दगडाच्या दुकानात जाल तेव्हा काय बघायचं ते कळेल. मला कळायला पहिल्या दुकानात फसता फसता वाचावं लागलं.

ते पहिलं आधी सांगते. त्याच रस्त्यावर एका चकचकीत शोरूममध्ये आम्ही गेलो, एसी वगैरे, चहा पण दिला. सेल्समनने ‘जेट ब्लॅक ग्रॅनाइट’ दाखवला, एकदम काळाकुळकुळीत, आरशासारखा, आईला बघताक्षणी आवडला. मी म्हटलं एक छोटा तुकडा द्या घरी भिंतीच्या रंगाबरोबर बघतो, तर जरा कुरकुर करत दिला. आता हे निव्वळ नशीब, की घरी मी त्याच टेबलावर नेलपॉलिश काढत बसले होते आणि रिमूव्हरचा कापूस त्या तुकड्यावर ठेवला. उचलला तर खालून काळा! म्हटलं माझं नेलपॉलिश तर लाल आहे. मग मुद्दाम घासलं, कापूस अजून काळा आणि दगड त्या जागी करडा. म्हणजे मूळचा करड्या रंगाचा दगड, वरून रंग पाजलेला. माझ्या मामेभावाला, दादाला, फोन केला, तो जिऑलॉजीत एमएस्सी आहे, तो नुसता हसत सुटला. म्हणाला हे जुनं आहे गं, करड्या दगडाला डाय लावून काळ्याच्या भावात विकतात, वर्षा-दोन वर्षात ओट्यावर जिथे जास्त पुसलं जातं तिथे फिकट पडायला लागतो. पुढच्या शनिवारी मी येतो तुमच्याबरोबर, तोवर कुठे ॲडव्हान्स देऊ नका.

तर शनिवारी आम्ही तिघं. दादाच्या खिशात घडीचं भिंग, एक छोटा चाकू आणि ड्रॉपरच्या बाटलीत पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड. आईच्या पर्समध्ये दोन लिंबं. मला वाटलं आता हे लोक आपल्याला हाकलून देणार.

हाकललं नाही. पहिला प्लस पॉइंट हाच. शेठ राजस्थानचे, मकराण्याकडचे, पण इतकी वर्षं इथे आहेत की मराठी बोलतात, थोडं हेलात. दादाने सरळ विचारलं, शेठ, कोपऱ्यातल्या तुकड्यांवर ॲसिड टाकून बघितलं तर चालेल का. शेठ म्हणाले, “बघा ना साहेब, पण स्लॅबवर नको, तुकड्यावर बघा.” आणि एका पोराला सांगून प्रत्येक मालाचा फुटका तुकडा मागवला आणि आमच्यासमोर टेबलावर मांडला. पहिल्या दुकानात एक तुकडा देताना जीव जात होता, इथे बारा-पंधरा तुकडे.

काळ्यापासून सुरुवात केली कारण आईच्या डोक्यात काळाच होता. शेठनी ब्लॅक गॅलेक्सी दाखवला, काळ्यावर सोनेरी ठिपके असतात तो, ऊन पडलं की चांदण्यासारखे चमकतात. हा आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यात चिमकुर्तीला निघतो आणि जगभर जातो. दादाने भिंग लावलं आणि म्हणाला, “शेठ, हा ग्रॅनाइट नाहीये.” मला वाटलं झालं, आता भांडण. शेठ शांतपणे म्हणाले, “साहेब, आमच्या धंद्यात चाकूला जुमानत नाही तो ग्रॅनाइट आणि त्यापेक्षा नरम असून चमकतो तो मार्बल. कॉलेजचं कॉलेजमध्ये.” हे वाक्य मला इतकं पटलं की मी तिथल्या तिथे फोनमध्ये लिहून घेतलं, कारण पुढचा अख्खा दिवस याच वाक्यावर चालला.

मग दादाने सांगितलं. शास्त्राच्या हिशोबाने ग्रॅनाइट म्हणजे ज्यात क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही खनिजं भरपूर आणि थोडं काळं अभ्रक किंवा हॉर्नब्लेंड नावाचं काळं खनिज, त्यामुळे तो कायम फिक्या रंगाचा असतो, पांढरा, करडा, गुलाबी, लाल. सिलिका साधारण ७० टक्क्यांच्या आसपास. काळा दगड म्हणजे लोह आणि मॅग्नेशियमवाली खनिजं जास्त, सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास, क्वार्ट्झ जवळजवळ नाहीच. बाजारातले बहुतेक ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ खरं तर गॅब्रो नाहीतर डोलेराइट असतात. गॅलेक्सी हा गॅब्रोच्या घरातला आणि ते सोनेरी ठिपके म्हणजे ब्राँझाइट नावाचं खनिज, सोनं नाही, पॉलिशवाल्याने टाकलेली चमकी पण नाही. म्हणजे ओट्याला वाईट का? अजिबात नाही, उलट उत्तम, ॲसिडला ऐकत नाही, हळदीचा डाग पण दिसत नाही. फक्त नाव चुकीचं.

आईने विचारलं मग हा गॅब्रो आणि आपल्या सिंहगडाचा काळा दगड यात फरक काय, रंग तर तोच. आणि इथे दादाने जे उत्तर दिलं ते मला वाटतं शाळेत कोणी दिलं असतं तर माझे भूगोलाचे मार्क वाढले असते. म्हणाला, “आत्या, तू तूप कढवतेस. कढईतच झाकून रात्रभर ओट्यावर ठेवलंस तर कसं होतं?” आई म्हणाली रवाळ. “आणि घाईघाईत फ्रीजमध्ये ठेवलं तर?” आई म्हणाली मेणासारखं गुळगुळीत, कण दिसत नाहीत, ते मला आवडत नाही. “झालं तर. तूप एकच आहे. गॅब्रो म्हणजे कढईत निवलेलं आणि बेसाल्ट, म्हणजे तुझा सिंहगडाचा दगड, तो फ्रीजमधलं.”

म्हणजे वितळलेल्या दगडाचा रस तोच, खनिजं तीच, प्लेजिओक्लेज फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन. तो रस जमिनीखाली काही किलोमीटरवर अडकून राहिला तर वरच्या दगडांच्या गोधडीखाली हजारो-लाखो वर्षं हळूहळू निवतो, खनिजांना रवे धरायला वेळ मिळतो, दाणे मोठे होतात, तो गॅब्रो. तोच रस भेगेतून वर येऊन लाव्हा म्हणून पसरला, ११००-१२०० अंश सेल्सिअसवरून उघड्या हवेत, तर रवे धरायच्या आत थिजला, दाणे इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, तो बेसाल्ट. आणि मधल्यामध्ये, भेगेतच अडकून थिजला तर मध्यम दाण्याचा डोलेराइट. ग्रॅनाइटचं पण तसंच भावंड आहे, त्याचाच रस वर येऊन थिजला की रायोलाइट. दगड ओळखायचा म्हणजे दोनच प्रश्न, कशाचा बनलाय आणि किती निवांत निवलाय. पोत दुसऱ्याचं उत्तर देतो, रंग बऱ्यापैकी पहिल्याचं. (बऱ्यापैकी, कारण रंगाने फसायला होतं, ते कडप्प्याला येईलच.)

माझा प्रश्न असा होता की जवळजवळ अख्खा महाराष्ट्र काळ्या दगडावर बसलाय, मग या एवढ्या गोडाउनमध्ये आपला एक पण दगड का नाही? सगळा माल कर्नाटक, आंध्र, तेलंगण, राजस्थान. शेठ म्हणाले तुमच्या दगडाची खडी होते ताई, स्लॅब नाही होत. दादाचं म्हणणं की लाव्हा निवताना आकसतो आणि त्याला सांधे पडतात, त्यामुळे बिनभेगेचा मोठा ठोकळा क्वचित मिळतो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला ते सांधे उभ्या खांबांसारखे दिसतात, बघितलं नसेल तर बघून या, चक्क बिल्डिंगांच्या मधोमध उभी आहे ती टेकडी. शिवाय आपल्या बेसाल्टमध्ये बऱ्याच ठिकाणी गॅसचे बुडबुडे राहून गेलेले, त्याची भोकं. त्या भोकांत नंतर गरम पाणी मुरून झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झचे खडे तयार झाले, वाघोलीच्या खाणीतला तो निळाशार कॅव्हन्साइट जगातल्या म्युझियममध्ये जाऊन बसलाय. पण ओट्याला भोकं कोणाला हवीयत. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर असा हा लाव्हा साचला, आज पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलाय, आणि आपण त्यावर बसून ओटा आणतोय चिमकुर्तीहून. आई म्हणाली पण पाटा-वरवंटा आणि जातं त्याचंच ना. हो, आणि तिथे तो बारीक दाणाच कामाला येतो, टाकी लावली की नीट खडबडीत राहतो आणि दाणे सुटून वाटणात येत नाहीत. वाळूच्या दगडाचा पाटा केला असता तर चटणी कचकच लागली असती.

पुढची रांग फरश्यांची. कोटा, शहाबाद, तांदूर आणि काळा कडप्पा. ही सगळी भावकी चुनखडीची. समुद्राच्या तळाशी चुन्याचा बारीक गाळ थराथराने बसत गेला, दबला, घट्ट झाला, कशाचंही वितळणं नाही, आग नाही. म्हणून यात रवाळपणा नाही, एकसारखा मऊ पोत. आणि थर असल्यामुळेच शहाबादी फरशी खाणीत पहारीने थराथरातून सुटी होते. आमच्या आजोळच्या अंगणातली फरशी आठवली, वरून जराशी लाटा लाटांसारखी, मला लहानपणी वाटायचं ती कोणीतरी मुद्दाम अशी तासलीय. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यातलं, तांदूर तिथून जवळच तेलंगणात, कोटा राजस्थानातला, कडप्पा नावाप्रमाणे आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याचा.

आता गंमत. कडप्पा काळा, गॅब्रो काळा, पॉलिश केलं की लांबून नवशिक्याला सारखेच. दादाने दोन्ही तुकड्यांवर चाकूने ओढलं, कडप्प्यावर पांढरी रेघ आणि पावडर, गॅब्रोवर चाकूचंच लोखंड घासून करडी रेघ आली, बोटाने पुसली तर गेली. कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीतल्या मुख्य खनिजाचा, कठीणपणा मोहच्या पट्टीवर (१ सगळ्यात मऊ, १० सगळ्यात कठीण) ३, चाकूचं पातं साडेपाचच्या आसपास, फेल्डस्पार ६, क्वार्ट्झ ७, त्यामुळे हा सगळा खेळ चाकू कोणाला हरवतो एवढ्यावर आहे. मग ॲसिडचा थेंब टाकला. कडप्प्यावर सोडा वॉटरसारखं फसफसलं, अगदी आवाज येईल इतकं, गॅब्रोवर थेंब नुसता बसून राहिला. कडप्प्याचा काळा रंग खनिजाचा नाही, गाळात अडकलेल्या कार्बनचा. म्हणजे काळा असूनही अंगाने चुनाच. आईने लगेच पर्समधलं लिंबू काढून कडप्पा, कोटा, मार्बल, गॅलेक्सी आणि एक करडा ग्रॅनाइट अशा पाच तुकड्यांवर पिळलं आणि आम्ही चहा प्यायला बसलो. पंधरा मिनिटांनी पुसलं तर पहिल्या तिघांवर पॉलिश उडून मंद गोल, शेवटच्या दोघांना काही म्हणजे काही नाही. आई त्या गोलाकडे बघून म्हणाली, “पंचवीस वर्षं मी समजत होते माझं पुसायचं चुकतंय.”

हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. टॉयलेट क्लीनरने पांढऱ्या फरशीवर डाग पडतात ते पण हेच, त्यात हेच ॲसिड असतं, कामवाल्या मावशींना बोलण्यात अर्थ नाही.

मार्बलच्या शेडमध्ये शेठ स्वतः आले, हा त्यांचा घरचा विषय. मकराण्याचा पांढरा मार्बल, ताजमहालाचा, कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलचा. फुटलेली कड उन्हात धरून म्हणाले, “बघा, साखर.” खरंच साखर! बारीक बारीक चमकणारे कण एकमेकांत गच्च बसलेले. दादा म्हणाला ही तीच चुनखडी, कोट्याची बहीण समजा, पण जमिनीच्या पोटात खोल जाऊन भाजली आणि दाबली गेली. वितळली नाही, घनच राहिली, पण कॅल्साइटचे बारीक कण नव्याने वाढून मोठे झाले आणि एकमेकांत अडकले. म्हणजे मालमसाला बदलला नाही, पोत बदलला. शिंपले-बिंपले जे काही जीवाश्म होते ते त्या वाढण्यात पुसले गेले. आणि करड्या-पिवळट शिरा म्हणजे मूळ गाळातली माती, लोह, ग्रॅफाइट. लिंबाशी वैर मात्र तसंच राहिलं, त्यामुळे ओट्याला मार्बल नको, देवघराला छान.

तिथेच ‘इटालियन मार्बल’ म्हणून बोटिचिनो होता, सायीच्या रंगाचा, भाव ऐकून मी मागे सरले. दादाने भिंगाने बघून म्हटलं हा तर भाजलाच नाहीये, नुसती चुनखडी आहे, यात साखर शोधून दाखवा. आणि उदयपूरजवळ ऋषभदेवचा जो ‘ग्रीन मार्बल’ असतो, हिरव्यावर पांढरं जाळं, तो तर चुनखडीच्या कुळातला पण नाही, तो सर्पेंटिनाइट, म्हणजे मॅग्नेशियमवाल्या गडद दगडात पाणी मुरून खनिजंच बदलून झालेला. त्यावर ॲसिड टाकलं तर हिरवा भाग गप्प आणि पांढरी शीर फसफसली. एकाच तुकड्यावर दोन उत्तरं, हे बघायला मला जाम मजा आली, मी तीनदा टाकलं, शेवटी दादाने बाटली काढून घेतली.

एक पॅराडिसो नावाचा माल होता, वाइन रंगाचा आणि राखाडी, नुसती वळणं, जणू कोणी चपातीच्या पिठात दोन रंग घालून अर्धवट मळलंय. हा पण ‘ग्रॅनाइट’ म्हणूनच विकतात. दादाच्या भाषेत हा नाइस (gneiss) नावाचा दगड, आणि त्यातही मिग्मटाइट, म्हणजे दाब आणि उष्णतेने खनिजांचे फिके-गडद पट्टे वेगळे झाले आणि पुढे फिकट भाग चक्क वितळायला लागला होता तेवढ्यात सगळं थंडावलं. रूपांतरित दगड आणि अग्निजन्य दगड यांच्या उंबऱ्यावर उभा. शाळेत तीन रकाने करून दगड घातले होते तिघांत, इथे एक दगड दोन रकान्यांत पाय टाकून उभा. मला घ्यायचाच होता पण आई म्हणाली त्यावर झुरळ बसलं तर दिसायचं नाही. विषय संपला.

शेठनी क्वार्ट्झचं पण कॅटलॉग दाखवलं, हल्ली इंटिरियरवाले तेच गळ्यात मारतात. तो खाणीतला दगड नाही, क्वार्ट्झची भुकटी ९० टक्क्यांच्या आसपास आणि बाकी रेझिन, कारखान्यात दाबून केलेला. डाग पडत नाहीत हे खरं, पण रेझिनमुळे गरम कढई थेट ठेवायची नाही. आणि दुसरं म्हणजे हे कापताना जी बारीक सिलिकाची धूळ उडते ती कापणाऱ्याच्या फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, ऑस्ट्रेलियाने याच कारणाने १ जुलै २०२४ पासून याच्यावर बंदीच आणली. धूळ ग्रॅनाइटची पण वाईटच, पण यात सिलिका कितीतरी जास्त. या गोडाउनमध्ये कटिंग मशीनवर पाण्याची धार चालू होती आणि धूळ दिसत नव्हती, याचा एक मार्क मी वेगळा देते. मास्क मात्र दोघांपैकी एकाच्याच तोंडावर होता.

आता आमची स्लॅब. करड्या ग्रॅनाइटच्या रांगेत, बंगळुरूजवळच्या सदरहळ्ळीचा माल, एक स्लॅब भिंतीला तोंड करून ठेवलेली. मी विचारलं ती का उलटी, तर शेठ म्हणाले तिला डाग आहे, ती पायऱ्यांना देऊ. बघू म्हटलं. पोरांनी फिरवली, पाणी मारलं. करड्या-पांढऱ्या दाणेदार दगडात तळहाताएवढा एक गडद, लंबगोल डाग. दादा गुडघ्यावरच बसला. पाच मिनिटं बोलेना.

मग मला भिंग दिलं आणि म्हणाला आधी बाहेरचं बघ. बाहेर दुधी पांढरे चौकोनी दाणे, सरळ कडांचे, ते फेल्डस्पार. त्यांच्या मधल्या फटींत धुरकट काचेसारखं, स्वतःचा आकारच नसलेलं, ते क्वार्ट्झ, कारण ते शेवटी थिजतं आणि बाकीच्यांनी सोडलेल्या जागेत जसं मावेल तसं बसतं. (धाकटी जाऊ, असं आई म्हणाली.) मधूनमधून काळे चकचकीत पापुद्रे, ते बायोटाइट अभ्रक, फुटक्या कडेवर सुईने उचललं तर पान सुटतं. आता आत बघ. डागाच्या आत दाणे एकदम बारीक आणि काळी खनिजं जास्त, आणि कडेला पांढरे दोन-तीन मोठे दाणे अर्धे आत अर्धे बाहेर, जसे काही घुसायच्या बेतात होते. म्हणाला हा डाग नाही, हा पाहुणा आहे. ग्रॅनाइटचा रस अजून पातळ असताना दुसऱ्या, गडद दगडाचा किंवा गडद रसाचाच एक गोळा त्यात पडला, कडा वितळून गोल झाल्या आणि विरघळून जायच्या आत सगळं थिजलं. कर्नाटकातल्या या बाजूचे ग्रॅनाइट २५० कोटी वर्षांच्या आसपासचे निघतात, रामनगरच्या टेकड्या ज्याच्या आहेत तो क्लोजपेट ग्रॅनाइट त्याच वयाचा. सिंहगडाचा बेसाल्ट त्याच्यापुढे कालचं पोर.

मी म्हटलं हीच घेऊ. आई म्हणाली पैसे देऊन डाग घ्यायचा? मग भाव निघाला. चांगल्या स्लॅबचा १४० रुपये स्क्वेअर फूट, हिचा शेठनी १०५ लावला, जाडी १८ मिलिमीटर, नऊ फूट बाय अडीच फूट, कड गोल करायचे आणि पॉलिशचे वेगळे. आईला भाव कळल्यावर पाहुणा आवडला. (गॅलेक्सी आम्हाला २९० सांगितला होता, अंदाज म्हणून लिहितेय.) दादाचं एकच म्हणणं, फिका ग्रॅनाइट आहे तर सीलर लावून घ्या, दाण्यांच्या मधल्या केसाएवढ्या फटींतून तेल-हळद मुरते, आणि सहा महिन्यांनी पाण्याचे चार थेंब टाकून बघा, मुरले तर परत लावा.

डिलिव्हरी सांगितल्या दिवशी आली, स्लॅब उभीच आणली होती आणि खाली लाकडाच्या पट्ट्या, हे पण बघा, आडवी आणली तर स्वतःच्या वजनाने तडकू शकते. इथपर्यंत पाचपैकी पाच.

मग फिटिंग. फिटर गोडाउननेच पाठवलेला पण त्यांचा पगारी माणूस नाही, त्यामुळे शेठ पण हात वर करून मोकळे. मी खडूने स्लॅबवर मोठा बाण काढून लिहिलं होतं, गॅसची बाजू ही, पाहुणा गॅस आणि सिंकच्या मधे यायला हवा. मी दहा मिनिटं बँकेच्या फोनवर होते. त्या दहा मिनिटांत त्याने स्लॅब उलट दिशेने ठेवून माप घेतलं, बाल्कनीत कोरडाच कटर लावला, पाणी नाही, मास्क नाही, शेजारच्यांचे वाळत घातलेले कपडे पांढरे, आणि सिंकचं भोक नेमकं, अगदी नेमकं, पाहुण्यावर पाडलं. वरून म्हणतो, ताई, डाग काढून टाकला बघा, आता कोणाला कळणार पण नाही.

मी काही बोलले नाही. आई बोलली. जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेठना फोन केला तर त्यांनी स्लॅबचे पैसे परत नाही दिले, ते मी मागितले पण नाहीत, ओटा तसा उत्तम बसलाय, सांधा दिसत नाही, उतार सिंककडे बरोबर आहे. पण फिटरच्या मजुरीतले ८०० रुपये कमी केले आणि म्हणाले तो कापलेला तुकडा फेकू नका, घेऊन या. सिंकच्या भोकाचा तुकडा तुमचाच असतो, तुम्ही त्याचे पैसे दिलेले असतात, बहुतेक फिटर तो गुपचूप उचलून नेतात, तर मागून घ्या. मी तो दुचाकीवर दोन पायांमधे ठेवून नेला, दहा किलोच्या वर भरला असेल. त्यांनी मशीनवर चौदा इंचाचा गोल कापला, कड घासली, चारी बाजूंनी पॉलिश केलं, खाली रबराच्या गुंड्या चिकटवल्या, एक पैसा घेतला नाही, उलट चहा.

एकूण पाचपैकी चार, एक फिटिंगचा कापला. रविवारी दुपारी जाऊ नका, पार्किंगला जागा नसते, आणि फिटर स्वतःचा न्या. आमचा पाहुणा आता पोळपाट आहे, पावणेपाच किलोचा, ओट्यावरून हलत नाही. पुरणपोळी लाटताना दगड गार असल्यामुळे चिकटत नाही असं आई सगळ्यांना सांगते, आणि कोणी विचारलं की मधला डाग कसला गं, तर म्हणते डाग नाही तो, २५० कोटी वर्षांचा आहे, नीट बघ, आणि ड्रॉवरमधून दादाचं भिंग काढते. भिंग त्याने अजून मागितलेलं नाही.